समुद्र पोहा, पण पावतीसकट

पुण्याच्या बुधवार पेठेत वर्गणी कशी मागायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. अप्पा बळवंत चौकातला कितीही चिकट दुकानदार असो, मंडळाची पोरं त्याच्या नावाची पावती फाडतातच. तेव्हा समुद्रात लांबचं अंतर पोहून एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करायचं तुमच्या मनात असेल, तर अर्धं काम तुम्हाला येतं. उरलेलं अर्धं पाण्यातलं आहे, आणि तिथे ओळखीपाळखी चालत नाहीत.

आपला सराव तलावातला. तिथे दर पंचवीस मीटरला भिंत येते, पाय मारून पुढे जाता येतं. समुद्रात भिंत नाही. भरती-ओहोटीची वेळ चुकली की तासभर हात मारूनही माणूस जागच्या जागी राहतो. खारं पाणी घशात जाऊन जीभ सुजते, काखेत कातडी सोलवटते, जेलीफिश डसतात ते वेगळंच. पुण्याचा रोहन मोरे 1996 मध्ये, दहा वर्षांचा असताना, धरमतर ते मुंबईचं गेटवे पोहला. 2018 मध्ये कुकची सामुद्रधुनी पार करून जगभरातल्या सात अवघड खाड्या पोहणारा तो पहिला आशियाई ठरला. मधली बावीस वर्षं सत्काराच्या फोटोत दिसत नाहीत.

तेव्हा एकदम इंग्लिश खाडीची भाषा नको. डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर स्पर्धा होतात, अगदी थोड्या अंतरापासून. तिथून सुरुवात करा. आणि कृपा करून सरावाला खडकवासल्यात उतरू नका. ते आपलं पिण्याचं पाणी आहे, आणि तिथे दरवर्षी पोरं बुडतात. मोठं अंतर घ्याल तेव्हा सोबत होडी, वाट माहीत असलेला नाखवा, जलतरण संघटनेचा निरीक्षक आणि डॉक्टरचा दाखला हवाच. 'बाहेर ये' असं म्हणायचा अधिकार आधीच एकाला देऊन ठेवा. तो अधिकार वडिलांना देऊ नये असं माझं मत. एक तर ते फार लवकर हाक मारतात, नाहीतर फार उशिरा.

आता पैसे. मंडळं धर्मादाय कार्यालयातून कलम 41 क ची परवानगी काढतात, ती माहीत असेलच. नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर तुम्हालाही तोच नियम. त्यापेक्षा सोपं म्हणजे पैसे स्वतःच्या खात्यावर घेऊच नका. देणाऱ्याने थेट नोंदणीकृत संस्थेला द्यावेत, पावती संस्थेनेच द्यावी. करसवलत हवी असणाऱ्यांना सांगा, 2000 रुपयांवरची रोख देणगी त्यासाठी धरत नाहीत. संस्था शोधायला लांब जायची गरज नाही. बुधवार पेठेतल्याच देहविक्री करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी काम करणारे लोक आहेत, आधी त्यांना भेटा.

पैसे गोळा करायलाच हवेत असंही नाही. 2021 च्या फेब्रुवारीत बारा वर्षांची जिया राय वरळी सी-लिंक ते गेटवे, 36 किलोमीटर पोहली. ती स्वतः स्वमग्न आहे, आणि पोहली स्वमग्नतेबद्दल लोकांना कळावं म्हणून.

पण पैसे गोळा करणार असाल, तर होडीचा, प्रवासाचा खर्च देणगीतून काढू नका. त्यासाठी वेगळा प्रायोजक बघा आणि तसं उघड सांगा. पोहणं अर्धवट राहिलं तरी देणगी संस्थेकडेच राहील, हे वाक्य पत्रकावर पहिल्या दिवसापासून छापा.