अवलंबित कोण?

आम्ही दोघंही पुण्यात इंग्रजीच शिकवत होतो. दोघांचं एम.ए., बी.एड. अमेरिकेतल्या एका शाळेनं नवऱ्याला बोलावलं आणि घरात पेढे वाटले गेले. मी राजीनामा द्यायचा हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं.

त्याला एच-१बी व्हिसा, मला एच-४. मराठीत सांगायचं तर 'अवलंबित'. या व्हिसावर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. २६ मे २०१५ पासून काहीजणींना कामाची परवानगी मागता येते. पण नवऱ्याच्या ग्रीनकार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत सरकलं असेल तरच. म्हणजे माझ्या बी.एड.ची किल्ली पुन्हा त्याच्याच खिशात! रात्री त्याच्या वर्गाच्या वह्या मात्र मी तपासायची. पगार नाही ना, मग ते 'काम' कसलं?

परक्या देशाच्या कायद्याला नावं ठेवणं सोपं आहे. आपल्या घरांचं काय? ओळखीतल्या एकीला अशीच नोकरी चालून आली, तेव्हा पहिला प्रश्न आला, "तो तिथं बसून काय करणार?" ती गेली नाही. माझ्या वेळी हा प्रश्न माझ्या आईनंही विचारला नाही. आणि हे त्या पुण्यात, जिथं १८४८ साली सावित्रीबाई भिडेवाड्यात शिकवायला उभ्या राहिल्या.

परवा भाचीचं लग्न ठरलं. मुलगा अमेरिकेत, ही शिक्षिका. पत्रिका जुळली म्हणून सगळे खूश. मी विचारलं, "हिचा व्हिसा कुठला?" बैठकीत कुणालाच माहीत नव्हतं. भाचीलासुद्धा.