बांगडे इले, आणि वर्ग हसला

गेल्या महिन्यात गावाहून फोन आला. आमच्या बॅचचं संमेलन ठरलंय, स्मरणिका काढायची आहे आणि तुझा लेख विनोदीच हवा. 'गुरुजींचा मार, आपल्या खोड्या, असलं कायतरी लिही. लोकांना बरं वाटलं पाहिजे.' मी हो म्हटलं आणि लिहायला बसलो. चार पानं झाल्यावर लक्षात आलं, की आपण खोटं लिहितोय. प्रसंग सगळे खरे होते. खोटं होतं ते त्यातून काढलेलं तात्पर्य. तो लेख मी पाठवला नाही. हा लिहितोय.

तात्पर्य तुम्हालाही पाठ असेल. आमच्या ग्रुपवर ते आठवड्यातून दोनदा येतं. 'आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो. आता पोरांना हात लावायची सोय नाही, म्हणून ती बिघडली.' खाली अंगठे आणि हसरे चेहरे. साठीकडे झुकलेली, गुडघे दुखणारी माणसं त्या शिपटीच्या आठवणीने गहिवरतात. माझी तक्रार गहिवराबद्दल नाही. आमच्या शाळेत जी मजा होती ती आम्ही पोरांनी केलेली होती. तिचं श्रेय शिपटीला द्यायला मी तयार नाही.

आचरे पंचक्रोशीत शाळा बऱ्याच. त्यातली आमची कुठली ते सांगत नाही. कुठलीही असू शकली असती. चिऱ्याच्या भिंती, नळ्यांचं छप्पर, पावसाळ्यात गळतीप्रमाणे सरकणारे बाक. गुरुजींची नावं आम्ही मासळी बाजारातून आणलेली. गणिताचे गुरुजी 'मोरी', कारण जवळ येईपर्यंत कळायचं नाही. इतिहासाचे 'मुडदुशी', बारीक आणि लांब. कायम तिरके चालणारे एक 'कुर्ली' होते. या नावांत एक सोय होती. गुरुजी मागे उभे असले तरी 'आज मोरी गावली नाय' असं खुशाल बोलता यायचं.

गैरहजेरीची कारणंही गावचीच. 'व्हाळाक पाणी इला' हे जून ते सप्टेंबर चालायचं. जत्रांच्या दिवसांत दशावतार. रात्रभर नाटक बघून पोरं सकाळी बाकावर पेंगायची. दशावतारात सुरुवातीला संकासूर येतो, काळ्या कपड्यांतला, वेद चोरणारा, आणि मालवणीत सगळ्यांची फिरकी घेणारा. आमच्या वर्गात एक जण मधल्या सुट्टीत छत्रीचं काळं कापड डोक्यावर घेऊन संकासूर व्हायचा, हजेरीपट चोरायचा आणि गुरुजींच्या आवाजात आमची हजेरी घ्यायचा. त्याच्याइतकं हुबेहूब 'मोरी' खुद्द मोरीलाही जमत नसे.

आणि १९८१. त्या वर्षी १ मे रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. जूनमध्ये शाळा उघडल्यावर गुरुजींनी पहिलाच प्रश्न टाकला, 'आपला जिल्हा कोणता?' अर्धा वर्ग म्हणाला रत्नागिरी. त्यांना उभं केलं. त्यातला एक काकुळतीला येऊन म्हणाला, 'गुरुजी, मी सुट्टीत खंयच गेलंय नाय. घराकच होतंय. जिल्हो कसो बदललो?' यावर गुरुजीही हसले. हसले, आणि हातावर दोन दिल्या.

त्या दोन आम्ही सांगताना गाळतो. किंवा सांगतो, पण फोडणीसारख्या.

आता आमच्या बॅचचा सगळ्यांत गाजलेला किस्सा. त्याच वर्षी, दिवाळीच्या आधीची गोष्ट. किनाऱ्याकडच्या वाडीतला एक मुलगा आदल्या दिवशी शाळेत आला नव्हता. गुरुजींनी विचारलं, 'काल कुठे होतास?' तो ताठ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, 'गुरुजी, काल बांगडे इले!'

वर्ग फुटला. पुढची दोन वर्षं कुणी उशिरा आलं की सगळे ओरडायचे, 'बांगडे इले!' मी पुढे मुंबईला नोकरीला लागलो तेव्हा हा किस्सा हापिसात सांगितला, लग्नात सांगितला, मुलांना सांगितला. मी तो चांगला सांगतो. 'इले'वर किती थांबायचं हे मला बरोबर कळतं.

गाळत आलो तो भाग असा. गुरुजी म्हणाले, 'इले नाही, आले. म्हण, आले.' तो म्हणाला, 'इले.' मुद्दाम नव्हे. जिभेला तेच वळण होतं. मग शिपटी आणायला त्यालाच कुंपणापाशी पाठवलं. शिपटी निरगुडीची, आणि ज्याला खायची त्यानेच तोडून आणायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. प्रत्येक 'इले'ला एक. पाचव्या की सहाव्याला तो 'आले' म्हणाला. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत नव्हता.

एका दिवसाच्या माराने त्याने शाळा सोडली असं म्हणणं सोपं होईल, पण मला त्याची खात्री नाही. घरात पैशांची ओढ होती, रापणीला माणूस हवा होता. मार हे एकच कारण नसेल. पण शाळेत राहण्याचं एखादं कारण त्याच्या हाती असायला हवं होतं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतलं. शिपटी गुरुजींची होती. हसू आमचं होतं.

गंमत अशी की १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं होतं. मच्छिंद्र कांबळींच्या तोंडची मालवणी ऐकायला मुंबई-पुण्यात तिकिटासाठी रांगा लागल्या. जी बोली बोलल्याबद्दल आमच्या वर्गात शिपटी बसायची, तिला शिवाजी मंदिरात टाळ्या पडत होत्या. गुरुजींना दोष देऊन मी मोकळा होत नाही. तेही घरी मालवणीच बोलत. प्रमाण मराठी आली नाही तर पोरं मुंबईत टिकणार नाहीत, ही त्यांची खरी काळजी होती. भाषा शिकवायलाच हवी होती. पण 'आले' शिकवण्यासाठी 'इले'ची लाज वाटायला लावणं गरजेचं होतं का? दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून भागलं असतं.

'घडलो'वाल्यांचा आवडता पुरावा म्हणजे छडीचं ते गाणं. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या 'श्यामची आई' चित्रपटातलं. ते म्हण असल्यासारखं, छडीचं प्रशस्तिपत्र म्हणून वापरलं जातं. एकदा पूर्ण ऐका. त्यात मुलं मास्तरांच्या मिशांची, लाल डोळ्यांची, दात पडलेल्या तोंडाची यथेच्छ टर उडवतात. ते गाणं लिहिणारे अत्रे स्वतः शिक्षक होते. मुलांनी मास्तरांवर केलेली थट्टा आपण मास्तरांची शिकवण म्हणून सांगत आलो. आमच्या किश्शांचंही नेमकं हेच झालंय.

दुसरा पुरावा, 'बघ, आपल्या बॅचमधले किती जण पुढे गेले.' गेले. पण मोजणी कोण करतंय? जे ग्रुपवर आहेत ते. आमच्या आठवीच्या वर्गातले निम्म्याहून जास्त तिथे नाहीत. काहींना बांगड्यांनी नेलं, काही मुलींना लग्नांनी. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. कोकणातली कितीतरी घरं गिरणीच्या मनीऑर्डरीवर चालत. पोस्टमन वाडीत येईनासा झाला आणि वर्गातले बाक एकेक करून रिकामे झाले. शिपटी त्यांनीही खाल्ली होती, आमच्याइतकीच. त्यांना तिने का घडवलं नाही? वादळातून किनाऱ्याला लागलेल्या होडीने वादळाचे आभार मानावेत, तसं आमचं चाललंय. बुडालेल्या होड्या संमेलनाला येत नाहीत.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मला मान्य करावं लागतं. हेच गुरुजी संपाच्या वर्षी पोरांच्या घरी चालत जायचे, 'पोराक शाळेत धाडा' म्हणून सांगायला. माझ्या ओळखीच्या दोघांची परीक्षा फी त्यांनी भरली आणि कुणाला कळू दिलं नाही. त्या दोघांपैकी एक आज शिपटीचे सर्वांत जास्त गोडवे गातो. त्याला मला एवढंच विचारायचंय, तुला दहावीपर्यंत पोचवलं ते फीने की शिपटीने?

शिपटीशिवाय काय झालं असतं, हे आचऱ्याच्या पोरांना कल्पनेने ठरवावं लागत नाही. आमच्याकडे गावपळण असते. दर तीन-चार वर्षांनी श्री रामेश्वराचा कौल झाला, की सगळा गाव गुरं, कोंबडी, कुत्री घेऊन तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो. चिंदर, मुणगे, पोयरे अशा बाजूंना माळावर झोपड्या पडतात. गावात चिटपाखरू नाही. शाळाही अर्थात बंद.

अशा एका गावपळणीत 'मोरी' आमच्या शेजारच्या झोपडीत होते. लुंगी, बनियन, हातात पत्ते. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना चुकवत होतो. दुसऱ्या रात्री शेकोटीपाशी त्यांनी हाक मारून बसवलं आणि आकाशातलं एकेक नक्षत्र दाखवलं. तारवं रात्री दिशा कशी धरत, ध्रुव आपल्याकडे किती खाली दिसतो, त्यावरून अक्षांश कसा काढायचा. भूमितीतला जो कोन वर्षभर डोक्यात शिरला नव्हता, तो मुठीने आकाश मोजताना शिरला. कुणीतरी धीर करून त्यांच्यासमोर त्यांचीच नक्कल केली. ते इतके हसले की ठसका लागला. हाच माणूस, हीच पोरं. फक्त निरगुडीचं कुंपण लांब होतं. चौथ्या दिवशी गाव भरला, शाळा भरली आणि शिपटीही परत आली.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं दोन्ही बंद केलं. त्यात 'मानसिक' हा शब्द आहे, तो माझ्यासारख्यांसाठी आहे. हसणाऱ्यांसाठी. आज शिक्षकांपुढे अडचणी आहेत, कमी पटाच्या शाळा आहेत, नाना कामांचा बोजा आहे. त्यावर बोला की. 'हात लावायची सोय नाही' हे रडगाणं त्यावरचं उत्तर नव्हे.

लेख अर्धवट टाकून मी गावी गेलो होतो. तो मुलगा, आता आजोबा झालेला, किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी त्याला किस्सा आठवतो का विचारलं. त्याला माझ्यापेक्षा नीट आठवत होता.

'मी खंय विनोद केललंय?' तो म्हणाला. 'आदल्या दिसा माका रापणीचो पयलो वाटो गावललो. ताच सांगूचा होता.'

रापण ओढणाऱ्याला मासळीतला त्याचा हिस्सा मिळतो, तो वाटा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आयुष्यातला पहिला वाटा मिळाला होता. म्हणून तो ताठ उभा राहिला होता, म्हणून मोठ्याने बोलला होता.

'तूय हसलंस मा तेव्हा?'

होय म्हटलं. त्याने जाळ्यातून मान वर केली नाही. थोड्या वेळाने चहा सांगितला.

स्मरणिकेच्या मंडळींना माझं सांगणं आहे. विनोदी लेख जरूर छापा, मोरी, कुर्ली, संकासूर सगळं छापा. पण 'बांगडे इले' छापणार असाल तर वाट्यासकट छापा. आणि संमेलनाचं एक आमंत्रण किनाऱ्यावर जाऊन हातात द्या. ग्रुपवर टाकू नका. तो तिथे नाही.