परक्या देवळातली मेणबत्ती

युरोपची सफर करून आलेल्या मराठी माणसाला तिथल्या चर्चविषयी विचारले, की तो बहुधा दोनपैकी एक उत्तर देतो. पहिले म्हणजे, 'चौथ्या चर्चनंतर सगळी सारखीच दिसायला लागली.' दुसरे, 'आत गेल्यावर इतके शांत वाटले म्हणून सांगू! शेवटी देव एकच.' आम्हा दोघांनीही ही उत्तरे वेळोवेळी दिलेली आहेत. आता मात्र आमचे मत असे झाले आहे की, ही दोन्ही उत्तरे म्हणजे एका अवघड अनुभवातून निसटण्याच्या सोयीस्कर वाटा आहेत आणि आपल्या प्रवासवर्णनांनी त्या जरा जास्तच रुळवून ठेवल्या आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) मराठी वाचकाला युरोपकडे हसऱ्या डोळ्यांनी पाहायला शिकवले. त्यानंतर आलेल्या अनेकांनी ते हसू तेवढे उचलले, त्यामागची जाण मात्र उचलली नाही.

आधी अनुभव काय तो सांगतो. रोममध्ये सान लुइजी देई फ्रांचेझी नावाचे चर्च आहे. तिथल्या एका बाजूच्या लहानशा कक्षात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूविषयीची तीन चित्रे आहेत. आम्ही गेलो तेव्हा कक्षात जवळजवळ काळोख होता. पेटीत नाणे टाकले की दिवा लागे आणि थोड्या वेळाने आपोआप विझे. डावीकडच्या चित्रात जकात वसूल करणारा मॅथ्यू मेजाशी बसला आहे, उजवीकडून ख्रिस्ताने हात पुढे केला आहे आणि त्याच बाजूने उजेड आत आला आहे. मेजाच्या टोकाचा तरुण मात्र मान खाली घालून नाणीच पाहतो आहे. आमचे नाणे संपले, दिवा विझला आणि दुसरे नाणे शोधण्यासाठी आम्ही दोघेही खाली मान घालून खिसे चाचपू लागलो. आपण त्या चित्रातले कोण आहोत, हे तेव्हा अगदी स्वच्छ कळले. याला आध्यात्मिक क्षण म्हणावे की निव्वळ ओशाळलेपण, यावर आमचे अजून एकमत नाही.

त्यानंतरचा प्रसंग शार्त्रचा. ११९४ च्या आगीनंतर नव्याने उभारलेले हे कॅथीड्रल पाहायला आम्ही गेलो ते तिथल्या रंगीत काचांसाठी. तेराव्या शतकापासून फरशीत कोरलेले चक्रव्यूहासारखे वर्तुळही पाहायचे होते. पण त्यावर खुर्च्या मांडलेल्या होत्या. काचांमधून येणाऱ्या निळ्या उजेडात आम्ही बराच वेळ उभे राहिलो. आमच्यापैकी एकाच्या आईला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. दहाव्या-तेराव्याचे काही करणार नाही, असे घरी ठणकावून सांगितलेले होते. त्यावरून भावाशी बोलणे तुटले होते. त्याच हातांनी शार्त्रमध्ये पेटीत पैसे टाकले, एक मेणबत्ती घेतली आणि शेजारच्या मेणबत्तीवर पेटवून लावली. जवळच एक वृद्ध बाई पत्र्यावर साचलेले मेण खरवडत होती. तिने एकदा वर पाहिले आणि पुन्हा आपले काम सुरू केले.

पॅरिसला परतताना गाडीत आम्ही तासभर एकमेकांशी बोललो नाही. अखेर दुसऱ्याने विचारले, 'घरी पिंड नाकारणाऱ्या हातांना इथे मेणबत्ती कशी चालली?'

प्रश्न कठोर होता, पण रास्त होता. त्याचे प्रामाणिक उत्तर आम्हाला पुढे हळूहळू सापडत गेले. घरच्या विधीला नातेवाइकांच्या नजरा असतात, गुरुजींची दक्षिणा असते, जात असते, कोणी कुठे बसायचे याचे हिशेब असतात. शार्त्रच्या त्या मेणबत्तीला यातले काहीच चिकटलेले नव्हते. तिथल्या धर्माचे आपण काही लागत नाही, म्हणून तिथे मन मोकळे होते. एखाद्या फ्रेंच माणसाला त्याच खांबांमध्ये धर्मगुरूंची सत्ता आणि आजोबांची भांडणे दिसत असतील. त्याला कदाचित आपल्या एखाद्या घाटावर तसेच हलके वाटेल. म्हणजे ज्याला आपण परक्या देवळातली शांती म्हणतो, तिचा बराचसा भाग ही निव्वळ सूट असते. ती सूट खोटी नाही. दुःख तिथे खरेच बाहेर आले. पण तिला 'देव एकच' असे मोठे नाव देणे म्हणजे फुकट मिळालेल्या वस्तूवर किंमत लिहिण्यासारखे आहे.

किंमत मोजणारी माणसे आपल्या भाषेत होऊन गेली आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यापायी इथल्या सुधारकांचाही रोष पत्करला आणि ज्या चर्चमध्ये गेल्या तिथल्या अधिकाऱ्यांशीही श्रद्धेच्या प्रश्नांवर निर्भयपणे वाद घातला. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा एका संसाराची कशी फाळणी झाली, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. या मंडळींसाठी चर्चचा उंबरठा म्हणजे प्रेक्षणीय स्थळाचे प्रवेशद्वार नव्हते. तो ओलांडला की मागचे घर बंद होत असे.

शिवाय आपण समजतो तितके परकेही नसतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर तिथल्या चर्चमधल्या घंटा देशावर आणल्या गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही पाहायला मिळतात. युरोपात चर्चच्या घंटा ऐकून गहिवरणाऱ्या मराठी प्रवाशाने कधीतरी तशीच घंटा महादेवापुढे पाहिलेली असते. तिच्यात युद्ध आहे, लूट आहे आणि तरीही तिच्यापुढे खरोखरची भक्ती झालेली आहे. 'सगळे धर्म सारखेच' या वाक्यात एवढे सगळे मावत नाही.

शेवटचा प्रसंग कॉव्हेंट्रीचा. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात तिथले जुने कॅथीड्रल जळाले. ते अवशेष तसेच राखून त्यांना लागून नवे कॅथीड्रल बांधले, ते १९६२ मध्ये खुले झाले. जुन्या भिंती उघड्या आभाळाखाली आहेत. वेदीमागे देवाकडे क्षमा मागणारे दोनच शब्द कोरलेले आहेत. कोणाला क्षमा कर, हे तिथे लिहिलेले नाही. 'त्यांना' हा शब्द गाळल्यामुळे वाचणाराही आपोआप त्यात येतो. त्या दिवशी रिमझिम पाऊस होता. तिथे आम्हाला शांत वगैरे काही वाटले नाही. भावाची आठवण झाली, आणि ती दोघांनाही एकाच वेळी झाली.

प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांकडून आमची अपेक्षा फार मोठी नाही. परक्या प्रार्थनास्थळात डोळे भरून आले तर ते लिहावे, लपवू नये. पण ते कशामुळे भरले, काय मागे ठेवून आपण तिथे उभे होतो आणि त्या क्षणाने आपल्याकडे काही मागितले का, हेही लिहावे. आमच्यापुरते सांगायचे तर आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही भावाकडे गेलो. मंत्रांवर विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. पाटावर भाऊ बसला, आम्ही मागे सतरंजीवर बसलो आणि नंतर पंगतीत वाढायला उठलो. शार्त्रच्या मेणबत्तीचे पैसे पेटीत टाकले होते. पण तिची किंमत चुकती झाली असेल तर ती इथे, आणि तीही अर्धीमुर्धीच. प्रवासवर्णनांत हा भाग सहसा येत नाही, कारण तो घरी परतल्यावर घडतो.