विश्लेषण : दारावरचा फ्लडलाइट कॅमेरा नेमका कुणावर नजर ठेवतो?

ट्रॉम्बे कोळीवाडा किंवा चिता कॅम्पच्या अरुंद गल्लीत दारावर वायफाय फ्लडलाइट कॅमेरा लावला, की समोरच्याचे दारही त्याच्या टप्प्यात येते. त्यामुळे कॅमेरा काय टिपतो आणि ते कोण पाहू शकतो, हे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

कॅमेरा काम कसा करतो?
हालचाल जाणवताच प्रखर दिवा लागतो, चित्रीकरण सुरू होते आणि मोबाइलवर सूचना येते. गल्लीतल्या प्रत्येक ये-जा करणाऱ्याची सूचना नको असेल, तर अ‍ॅपमधील ‘मोशन झोन’ आपल्या उंबरठ्यापुरता ठेवावा. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

कायदा काय सांगतो?
खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, संमतीविना राहत्या भागात कॅमेरे चालवण्यास कलकत्ता उच्च न्यायालयाने मनाई केली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. महिलेचे खासगी क्षणी चित्रीकरण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे.

पासवर्ड का बदलावा?
२०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. म्हणून पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावे, अपडेट टाळू नयेत. आणि कॅमेऱ्याचा कोन पक्का करण्याआधी मोबाइलवरचे दृश्य शेजाऱ्यांनाही दाखवावे. नंतरची भांडणे टळतात.