‘अनुभवाची गरज नाही’ असं कोण म्हणतं?

नोकरीच्या जाहिरातींच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर बघा, अशी एखादी ओळ सापडतेच. ‘प्राण्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्ट पाहिजे. बारावी पास. अनुभवाची गरज नाही.’ पगाराचा आकडा बहुतेकदा नसतो, ‘भेटून ठरवू’ एवढंच असतं. आपण काय करतो? स्क्रोल करतो, नाहीतर मैत्रिणीला फॉरवर्ड करतो. ‘तुला कुत्री आवडतात ना, जा की!’

मित्रांनो, इथेच आपली आणि जाहिरात देणाऱ्याची, दोघांचीही गल्लत होते. कुत्री आवडणं ही या कामाची पात्रता नाही. आणि अनुभवाची गरज नाही, हे तर अजिबात खरं नाही. फार तर असं म्हणता येईल, की अनुभव नसला तरी चालेल, पण मग शिकवावं लागेल. ते शिकवणं आपल्याकडे कुणी करत नाही, म्हणून आज या विषयावर लिहायचं.

समजा, तुम्ही काउंटरवर बसला आहात. डॉक्टर आत टाके घालताहेत. दहा मिनिटांत चार जण येतात. एकाला कुत्र्याची वार्षिक लस द्यायची आहे. दुसरी सांगते, दोन महिन्यांचं पिल्लू कालपासून उलट्या करतंय, संडासमधून रक्त जातंय. तिसऱ्याचा फोन आहे, बोका सकाळपासून लघवीला बसतोय पण होत काहीच नाही. चौथा गोरेगाव तालुक्यातून बोलतोय, गाईचं पोट डाव्या बाजूने टम्म फुगलंय, ती धापा टाकतेय. आता सांगा, डॉक्टरांना आधी काय सांगाल?

लसवाला सगळ्यात आधी आला आणि सगळ्यात मोठ्याने बोलतोय. पण त्याचं काम उद्याही होईल. पोट फुगलेल्या गाईचं होणार नाही. वायूचा दाब वाढून श्वास कोंडतो आणि जनावर थोड्या वेळात दगावू शकतं. बोक्याची लघवी अडली असेल तर तीही इमर्जन्सीच, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रक्ताची संडास करणाऱ्या पिल्लाला पार्व्हो असू शकतो, म्हणून त्याला लस घ्यायला आलेल्या इतर पिल्लांच्या शेजारी बसवायचंच नाही. तो विषाणू फरशीवर, मातीत कित्येक महिने तग धरतो. त्याला बाहेर, वेगळं थांबवायचं आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं.

हे निदान नव्हे. निदान डॉक्टरच करणार. पण डॉक्टरांपर्यंत कुणाची हाक आधी पोहोचणार, हे काउंटरवरचा माणूस ठरवतो. माणसांच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये या कामासाठी शिकलेली नर्स असते. इथे मात्र बारावी पास, अनुभवाची गरज नाही!

दुसरी गोष्ट, काय बोलायचं नाही हे कळणं. ‘मॅडम, घरात पॅरासिटामॉल आहे, मांजरीला अर्धी देऊ का?’ हा प्रश्न येणार म्हणजे येणारच. माणसासाठी साधी असलेली ही गोळी मांजरीला विषासारखी आहे, तिचा जीव जाऊ शकतो. म्हणून काउंटरवरून एकच उत्तर: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका, मी विचारून सांगते.’ हा फक्त सावधपणाचा भाग नाही, कायद्याचाही आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. वर्षभर काउंटरवर बसलं की औषधांची नावं पाठ होतात, आणि मग ‘हे द्या, बरं होईल’ म्हणायचा मोह होतो. डॉक्टर नसताना ‘तूच बघ, एक इंजेक्शन दे’ असं सांगितलं गेलं तर सरळ नाही म्हणा. तुमच्या नोकरीपेक्षा ती चूक महाग पडेल.

आता आपल्या जिल्ह्याचं बघू. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, आणि पीक म्हटलं की धान. पुण्या-मुंबईच्या पेट क्लिनिकचं चित्र इथे पूर्ण लागू होत नाही. शहरात लॅब्राडोर आणि पर्शियन मांजरी वाढल्या आहेत हे खरं, पण त्याच फोनवर कास्तकारही असतो. पऱ्हे तयार आहेत, पाऊस पडलाय, रोवणी तोंडावर आली आहे आणि जोडीतला एक बैल उठत नाही. त्याच्यासाठी ‘अपॉइंटमेंट परवाची आहे’ या वाक्याचा अर्थ अख्खा हंगाम असू शकतो.

म्हणून इथल्या रिसेप्शनिस्टला आपल्या दवाखान्याबाहेरचीही माहिती हवी. आपल्याकडे मोठ्या जनावरांचे डॉक्टर नसतील तर ‘आम्ही बघत नाही’ म्हणून फोन ठेवायचा नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तो सांगायचा. जवळचा श्रेणी एक किंवा श्रेणी दोनचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुठल्या गावात आहे, तो सांगायचा. केस मोठी असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५८ पासूनचं. गोंदियाहून नागपूर रेल्वेने साधारण १३० किलोमीटर. ही यादी काउंटरवर चिकटवून ठेवायला दहा मिनिटं लागतात.

सरकारी दवाखान्यात रिसेप्शनिस्ट नावाची पाटी नसते. केसपेपर करायचा, जनावर खोड्यात घ्यायला मदत करायची, नोंदवही भरायची, ही कामं बऱ्याच ठिकाणी परिचर किंवा व्रणोपचारक करतात. कधी त्यांच्याजवळ अर्धा तास बसून बघा. जनावर कधीपासून चारा खात नाही, रवंथ करते का, शेण कसं आहे, गाभण आहे का, हे चार प्रश्न ते किती सहज विचारतात! आपल्या कुठल्याही कम्युनिकेशन स्किल्सच्या लेक्चरला लाजवेल असं ते काम आहे.

आणि भाषा? गोंदियात काउंटरवर झाडीबोली येते, पोवारी येते, हिंदी येते, देवरी-सालेकसाकडून गोंडी आणि छत्तीसगढीही येते. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या डॉक्टरांना यातलं सगळं कळेलच असं नाही. तुम्हाला कळतं. ज्या बोलीला आपण कॉलेजात लपवतो, ती इथे थेट कामाला येते. बायोडेटात ‘भाषा’ या रकान्यात ती लिहा, बिनधास्त.

अफवा थांबवण्याचं कामही याच खुर्चीवर होतं. २०२२ मध्ये लंपी राज्यभर पसरला तेव्हा जनावरांचे बाजार बंद करावे लागले. लोक घाबरून विचारायचे, हा माणसाला होतो का? होत नाही. हे एक वाक्य ठामपणे सांगता आलं तर समोरच्याचा अर्धा ताण जातो. रेबीजचं मात्र उलट. तिथे घाबरवलंच पाहिजे. कुत्रा चावला आणि कुणी ‘हळद लावली’ म्हणालं, तर सांगा: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आजच सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

इथे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनाही दोन शब्द. पट्टा सैल असलेला कुत्रा आधी काउंटरवर येतो, मग तुमच्या टेबलवर. चावण्याआधीच घेता येणारी रेबीजची लस असते, ती तुम्ही घेतलेली असेल. काउंटरवरच्या मुलीने घेतली आहे का? तिला ती तुमच्या खर्चाने द्या. पहिला आठवडा शिकवण्यासाठी ठेवा, आणि त्या आठवड्याचाही पगार द्या. पगार, वेळ आणि सुट्टी कागदावर लिहून द्या. रिसेप्शनिस्ट म्हणून घेऊन पिंजरे धुणं, बिल, औषधांचा स्टॉक, इन्स्टाग्राम, सगळं एकाच पगारात बसवायचं असेल तर तसं आधीच सांगा. ‘शिकायला मिळतंय ना’ या वाक्याने आमगावहून येण्याचं बसभाडं निघत नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. या खुर्चीसमोर लोक रडतात. चौदा वर्षं घरात वावरलेला कुत्रा गेलेला असतो आणि बिल द्यायचं असतं. कास्तकाराची दुभती म्हैस गेलेली असते आणि तो रडतही नाही, फक्त ‘किती झाले?’ विचारतो. दोघांनाही घाई करायची नाही, ‘दुसरं घ्या’ म्हणायचं नाही. आणि संध्याकाळी घरी आल्यावर हे कुणाशी तरी बोलायचं, मनात साठवायचं नाही.

तर आता ती जाहिरात पुन्हा दिसली तर काय कराल? जायचं असेल तर जरूर जा. पशुवैद्यक व्हायचं स्वप्न असेल, नीटची तयारी सुरू असेल, तर स्वप्नाचा खरा वास कसा असतो तेही कळेल. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही लोकांशी बोलायचं याहून चांगलं शिक्षण सहजी मिळणार नाही. फक्त मुलाखतीत चार प्रश्न तुम्हीही विचारा. मला कोण शिकवणार आणि किती दिवस? इमर्जन्सी फोन आला तर कुणाला, कसं कळवायचं? रेबीजची लस मिळेल का? आणि पगार लेखी देणार का?

या चारांची उत्तरं नीट मिळाली, तर उद्यापासून जॉइन व्हा. नाही मिळाली, तर ‘भेटून ठरवू’ म्हणणाऱ्यांना सांगा, भेटलो, आणि नाही ठरलं.