पगार वाढला, दवाखाना गेला

चाकणच्या एखाद्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं की आपण आधी काय बघतो? इन हॅन्ड किती. मग कंपनीची बस आहे का, कॅन्टीन कसंय, नाइट शिफ्ट किती. त्याच कागदावर खाली कुठेतरी एक ओळ असते: ईएसआयसी किंवा ग्रुप मेडिक्लेम. ती फारसं कोणी वाचत नाही. बाविशीत आजारी कोण पडतं!

पण जरा हिशोब करून बघा. समजा तुमचा पगार २०,००० आहे. त्यातून ०.७५ टक्के, म्हणजे १५० रुपये ईएसआयसीला कापले जातात. कंपनी ३.२५ टक्के, म्हणजे ६५० रुपये भरते. महिन्याला ८०० रुपयांत तुमची आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांची सोय. ॲडमिट होणंच नाही, ओपीडी आणि गोळ्यासुद्धा त्यातच. आईला आधीपासून शुगर आहे म्हणून हप्ता वाढत नाही, की वडिलांनी साठी ओलांडली म्हणूनही नाही. ज्याचा पगार जास्त त्याचा हप्ता जास्त, बस्स. १९४८ च्या कायद्यातली ही कल्पना आहे आणि आजही मला ती कुठल्याही चकचकीत पॉलिसीपेक्षा शहाणी वाटते.

आता इन्क्रिमेंट झालं. पगार २१,५००. स्टेटस टाकलं, मित्रांना पार्टी दिली. पण ईएसआयसीची मर्यादा आहे २१,०००. चालू सहामाहीचे हप्ते संपले की तुम्ही हळूहळू त्या छत्रीबाहेर. दीड हजाराची वाढ मिळाली आणि घरच्यांचा दवाखाना गेला. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून तिथेच आहे. तेव्हा चाकणात कॉट बेसिसवर जागा कितीला मिळायची आणि आज कितीला मिळते, हे तुमच्या रूममालकालाच विचारा. कामगार संघटना मर्यादा वाढवा म्हणून कधीच्या ओरडतायत. कॉलेजच्या कट्ट्यावर मात्र हा विषय मी कधी ऐकला नाही.

मग ग्रुप मेडिक्लेम आहे की! आहे, पण तो नोकरीला चिकटलेला असतो. कॉन्ट्रॅक्ट संपलं की कार्डही संपलं. आई-वडील त्यात असतीलच असं नाही. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी बघायला जावं, तर प्रीमियम वयाच्या टप्प्यानुसार चढत जातो. म्हणजे कमाई थांबते त्या वयात हप्ता सगळ्यात मोठा. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २०२४ च्या आधी ही अट चार वर्षांपर्यंत होती. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, हे चांगलंच झालं. पण त्याने कर गेला, मूळ प्रीमियम चढायचा थांबला नाही. आणि बहुतेक पॉलिसी पैसे देतात ते ॲडमिट झाल्यावर. बीपी-शुगरची दर महिन्याची औषधं, रक्ताच्या तपासण्या हे सगळं खिशातूनच.

तुमच्यातले जे आयटीआय, डिप्लोमा करून ॲप्रेंटिस म्हणून लागणार आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली लागलेल्यांना ईएसआयसी लागूच होत नाही. मशीनवर हात सापडला तर नुकसानभरपाईची जबाबदारी कंपनीवर येते, हे खरं. पण डेंग्यू झाला तर? शेजारच्या मशीनवर तेच काम करणाऱ्या कामगाराच्या खिशात कार्ड आणि तुमच्या खिशात फक्त गेटपास.

पॉलिसी घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. परवडत असेल तर घ्या, तरुणपणी घ्या. पण पॉलिसी म्हणजे हॉस्पिटल नव्हे. २०२० आठवा. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, घरातल्यांना विचारा. पिंपरीचं वायसीएम कोविड रुग्णालय झालं होतं, नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवर जम्बो सेंटर उभं राहिलं होतं. तेव्हा दहा लाखांचं कव्हर असलेली माणसंही एका बेडसाठी फोन फिरवत होती. पैसे होते, बेड नव्हता.

म्हणूनच सरकारी दवाखान्याचा वाद हा ‘गरिबांचा प्रश्न’ नाही. नियम तरी बघा किती विचित्र आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, म्हणजे चाकणच्या ग्रामीण रुग्णालयातही. मोशीचा पूल ओलांडून इंद्रायणीच्या अलीकडे आलात की महापालिकेची रुग्णालयं लागतात. तिथे तो निर्णय लागू नाही, तिथले दर वेगळे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कव्हर मिळतं, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. पण तेही ठरलेल्या यादीतल्या उपचारांना आणि योजनेत असलेल्या रुग्णालयांतच. तापाने फणफणलेल्या पोराला रात्री दोन वाजता हवा असतो जवळचा, उघडा आणि डॉक्टर हजर असलेला दवाखाना.

‘सरकारी दवाखान्यात गर्दी असते, कोण जाणार,’ असं म्हणणारे भेटतातच. गर्दी असते, मान्य. खेड, मावळ, शिरूरकडचे पेशंटही वायसीएमलाच येतात, मग गर्दी होणारच. ईएसआयसीचं रुग्णालय चिंचवडला मोहननगरमध्ये आणि कामगार चाकण, महाळुंगे, तळेगावपर्यंत पसरलेला. नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमधून एक तपासणी करून यायची तर अख्खी सुट्टी जाते. सुट्टी म्हणजे खाडा. मग माणूस कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरला तीनशे रुपये देतो आणि पगारातले कापलेले दीडशे विसरून जातो. यावर उपाय म्हणून प्रत्येकाने आपापली पॉलिसी काढावी, हे मला पटत नाही. कापलेल्या पैशाचा दवाखाना कामगार राहतो तिथे का नाही, हे विचारायला हवं. आणि एवढ्या कारखान्यांच्या करावर ‘श्रीमंत महापालिका’ म्हणून मिरवणाऱ्या शहराला तर आणखी मोठ्याने.

तोवर एवढं करा. ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरला तीन प्रश्न विचारा. मी ईएसआयसीत आहे का? इन्क्रिमेंटनंतर राहीन का? नसेन तर मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत का? एचआर जरा चमकेल. चमकू द्या.