जुन्या गाडीचे शॉकअप निवडताना

1804 मध्ये ओबडाया इलियट या लंडनच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले आणि घोडागाडीतल्या प्रवाशाला बसणारे हादरे कमी झाले. त्या पाट्यांत आणखी एक गुण आपसूक आला होता. एकमेकींवर घासणाऱ्या पट्ट्या गाडीचा हेलकावाही थोडा आवरत. घोड्याच्या चालीला तेवढे पुरे होते. मोटारीच्या वेगाला ते पुरेना.

20व्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्समधल्या त्रुफोची घर्षणचकत्यांची युक्ती एडवर्ड हार्टफर्डने अमेरिकेत बाजारात आणली. पण चकत्यांचा विरोध वेगाबरोबर वाढत नाही. बारीक खडीवर त्या अडून बसत आणि मोठ्या खड्ड्यात कमी पडत. मोरिस उदाय या फ्रेंच माणसाने तेलाचा आधार घेतला. बारीक छिद्रातून तेल जितक्या जोराने ढकलावे, तितके ते अधिक अडते. 1928 च्या फोर्ड मॉडेल ए ला याच पद्धतीचे शॉकअप होते. पुढे दट्ट्या आणि नळीचा टेलिस्कोपिक शॉकअप आला, तोही तेलाच्या याच गुणावर चालतो.

गाडीचे वजन स्प्रिंग आणि पाटे पेलतात. शॉकअप त्यांच्या उसळीतली ऊर्जा तेलात जिरवून तिची उष्णता करतो. म्हणून तो स्प्रिंगला, वजनाला आणि रस्त्याला जुळणारा हवा. कडकपणा म्हणजे दर्जा, ही समजूत जुन्या गाड्यांचे मोठे नुकसान करते.

आपल्या ओळखीचे उदाहरण प्रीमियर पद्मिनीचे. इटलीत 1953 मध्ये आलेली फियाट 1100 कुर्ल्याच्या कारखान्यात घडू लागली आणि 1974 मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. वजन सुमारे 900 किलो, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, चारही चाकांना टेलिस्कोपिक शॉकअप. खड्डे झेलत चालणारी ही मऊ चाल मुंबईने काळ्या-पिवळ्या टॅक्सीत अनेक दशके अनुभवली. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. आता या गाड्या हौशी मालकांच्या हाती उरल्या आहेत आणि सुट्या भागांची निवडही त्यांच्याच माथी आली आहे.

ही निवड मोजमापाने व्हावी. आधी पाटे पाहावेत. ते बसले असतील तर कोणताही शॉकअप गाडी सावरणार नाही. मग मिटलेली आणि ताणलेली अशा दोन्ही लांब्या मोजाव्यात. चाक पूर्ण वर आले की आधी रबरी बंप स्टॉप टेकला पाहिजे. शॉकअप आधी तळाला लागला तर धक्का थेट त्याच्या जोडणीवर बसतो. या गाडीला वेगळी चासी नाही, भार पत्र्याच्या सांगाड्यावरच येतो आणि पन्नास वर्षांचा गंजका पत्रा अशाने तडकतो. एका नळीच्या गॅस शॉकअपमध्ये वायूचा दाब हवेच्या दाबाच्या 20 ते 25 पट असतो. तो दांडा सतत बाहेर ढकलतो, त्यामुळे हलकी गाडी किंचित उचलली जाते आणि चाल ताठर होते. वेगाच्या शर्यतीत त्याचे तेल फेसाळत नाही, हा त्याचा खरा गुण. रविवारच्या फेरीला निघालेल्या पद्मिनीला त्याची गरज नाही. तिला दोन नळ्यांचा, मूळ लांबीचा साधा तेलाचा शॉकअपच द्यावा, नव्या बुशांसह आणि एका अ‍ॅक्सलवर जोडीने.

खरी अडचण पुढेच आहे. लांबी टेपने मोजता येते. आतल्या झडपा किती वेगाला किती विरोध करतात, हे टेपला कळत नाही. मूळ आकडे हाताशी नसले की पुण्याच्या नाना पेठेत असो वा मुंबईच्या बाजारात, जे बसते ते बसवले जाते. 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांवरील गाड्यांना व्हिंटेज नोंदणी दिली आणि सांगाडा, बॉडी व इंजिन मूळ असावे असा आग्रह धरला. शॉकअप हा झिजणारा भाग, तो बदलणारच. पण गाडीची चाल तोच ठरवतो आणि चाल हरवलेली गाडी दिसायला मूळ असली तरी चालायला वेगळीच होते.

म्हणून व्हिंटेज गाड्यांच्या क्लबांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून एक काम हाती घ्यावे. शिल्लक असलेले चांगले, न वापरलेले मूळ शॉकअप शोधावेत, चाचणीयंत्रावर वेगवेगळ्या वेगांना त्यांचा विरोध मोजावा आणि ते तक्ते सर्वांना खुले करावेत. वाहनचाचणी करणारी एआरएआय 1966 पासून पुण्यातच आहे. हे ज्ञान आपल्या दारात आहे. ज्या कारागिरांचे हात या गाड्यांवर चालले, त्यांच्या आठवणीतल्या जुळण्याही याच वेळी लिहून घ्याव्यात. आकडे हाती असतील तर छोटा उत्पादकही योग्य शॉकअप बनवू शकेल आणि कुर्ल्यात घडलेली गाडी जशी चालायची तशीच पुढच्या पिढीलाही चालवता येईल.